आधी बूट कुणी काढले?

चर्र.

भाड्याच्या घरातली सकाळची शांतता त्या आवाजाने मधोमध फाटली. इल्वा कॉफीचा कप घेऊन खिडकीशी उभी होती. पहिला घोट अजून ओठांपर्यंत पोचायचा होता. बाहेर जर्मनीतल्या ल्यूबेकची लाल छपरं पावसाने भिजून चकाकत होती. नवरा झोपला होता, सासू झोपली होती, आणि लेकही झोपलीच आहे अशी इल्वाची समजूत होती.

चर्र. चर्र.

तूवा पलंगाच्या काठावर बसून नव्या बुटाचा वेल्क्रोचा पट्टा उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. अंगात झोपायचा झगा आणि पायांत बूट. साडेचार वर्षांच्या आयुष्यात स्वतःचे बूट स्वतः घालता येण्याइतकी मोठी गोष्ट तिच्या बाबतीत घडली नव्हती, आणि हे जगाला कळलं पाहिजे असा तिचा आग्रह होता.

"आई, बघ. डावा डाव्यात, उजवा उजव्यात."

"शहाणी माझी बाय. हळू कर गं, बाबा उठेल."

"आज कुठे जायचं?"

"आज ना, आईच्या आवडीच्या ठिकाणी."

तूवाने तिच्याकडे असं पाहिलं, जणू आयांनाही आवड असते हे तिला आजच कळत होतं.

तिची तरी काय चूक? स्वीडनहून निघताना ठरलं होतं की प्रत्येकाने आपल्या आवडीची एक जागा निवडायची. हेनिंग बांधकामाच्या शाळेत शिकवायचा. त्याने विटा निवडल्या. ल्यूबेक अख्खंच विटांचं शहर, त्यामुळे त्याची एक जागा तीन दिवस पुरली. गुनवोरने, म्हणजे सासूने, बसायला बाक असलेलं प्रत्येक चर्च निवडलं. तूवाने मार्झिपानच्या, म्हणजे बदामाच्या मिठाईच्या, डुकरांचं दुकान निवडलं आणि मग, डुकरं जरा जास्त झाल्यामुळे, एक अख्खा दिवस पोटदुखी निवडली. इल्वाचा नंबर लागेपर्यंत शेवटचा दिवस उजाडला होता. संध्याकाळी परतीची बोट होती.

तिला बघायची होती फक्त एक खोली. तूवा पोटात असताना दवाखान्यातल्या एका जुन्या मासिकात तिने त्या खोलीचा फोटो पाहिला होता आणि डॉक्टरांची पाठ फिरल्यावर चक्क फाडून घेतला होता. कुण्या मेणबत्त्या करणाऱ्याचं जुनं घर, त्याच्या पोटमाळ्यावर एक बुटकी खोली, आणि तिच्या छतावर निळं आभाळ रंगवून त्यात उडणारे पक्षी. अकरा मुलांची आई असलेल्या आपल्या बायकोला दिवसाकाठी थोडा वेळ पाठ टेकून आभाळ बघता यावं म्हणून त्याने ते स्वतः रंगवलं होतं, असं फोटोखाली लिहिलं होतं. ते वाचून इल्वा दवाखान्यात रडली होती. तेव्हा तिला कशानेही रडू यायचं, ते सोडा. पण तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला होता.

"दहा मिनिटं," तिने हेनिंगला आदल्या रात्री सांगून ठेवलं होतं. "एकटीने. पाठीवर पडून. कुणी 'आई' म्हणणार नाही, कुणी 'इल्वा, माझा चष्मा कुठेय' म्हणणार नाही."

"नक्की," हेनिंग म्हणाला होता. "पण माझा चष्मा खरंच कुठेय?"

सामान स्टेशनवर ठेवून चौघं त्या गल्लीत पोचली. इतर संग्रहालयांत दारातच काचेची खिडकी असते, तिकिटं असतात, आपण कुठे आलो आहोत याची जाणीव राहते. इथे जड लाकडी दार ढकललं की समोर पायपुसणं, भिंतीवर कोट टांगायच्या खुंट्या, खाली बाक, आणि घरभर मेणाने घासलेल्या लाकडाचा वास. टेबलावर कुणाचं तरी अर्धवट विणकाम होतं, माणूस नव्हतं.

आणि तिथेच सगळं घडलं. म्हणजे काहीच घडलं नाही. चौघांनी बूट काढले.

स्वीडिश माणूस घरात शिरताना बूट काढतो ते ठरवून काढत नाही. शिंक यावी तसे ते निघतात. हेनिंग काढता काढता छताच्या तुळयांविषयी बोलत होता, तूवाने चर्र चर्र केलं, आणि गुनवोरने आयुष्यभर घरी केलं तेच केलं: चारही जोड बाकाखाली मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावले. मग सगळी मोज्यांवर आत गेली.

आत पहिल्याच खोलीत विटांची चूल निघाली. "अरे वा!" म्हणून हेनिंग तिच्यासमोर उकिडवा बसला. शेजारी बाक होता. गुनवोर त्यावर बसली. इल्वाने जिन्याकडे एक पाऊल टाकलं.

"आई, शू."

इल्वाने ते पाऊल मागे घेतलं.

तेवढ्यात कासेल शहरातल्या एका पदभ्रमण मंडळाची निवृत्त मंडळी दारातून आत शिरली. पुढे मंडळाचे अध्यक्ष क्नाप, मागे घोटे झाकणारे डोंगरी बूट घातलेली भली मोठी पलटण. क्नाप पायपुसण्यावरच थबकले. त्यांची नजर बाकाखालच्या ओळीवर गेली होती.

"थांबा! इथे बूट काढायचेत."

"पाटी कुठेय?" त्यांच्या पत्नीने विचारलं.

"पाटी कशाला लागते? समोर दिसतंय की."

"नियम आहे तर लिहिलेला नको?"

"हिल्डेगार्ड, ज्यांना रीत माहीत असते त्यांच्यासाठी पाटी नसते. उगाच चारचौघांत अडाणी दिसायचं आहे का?"

अडाणी कुणालाच दिसायचं नव्हतं. मंडळी भिंतींना, खुंट्यांना आणि एकमेकांना धरून खाली वाकली. लांबच लांब नाड्या सुटू लागल्या, गुडघे कुरकुरले, कुणाच्या तरी मोज्याला भोक होतं त्यावर दोन विनोद झाले. बाकाखालची ओळ वाढत वाढत भिंतीच्या कडेने दारापर्यंत आली.

बॉयलर बघायला तळघरात गेलेल्या टीडेमानबाई वर आल्या त्या नेमक्या याच वेळी. या घराची राखण त्या कित्येक वर्षं करत होत्या. इतके बूट पाहून त्या धास्तावल्या. बुटांमुळे नव्हे. नवा नियम झाला होता आणि हे घर चालवणाऱ्या न्यासाच्या कार्यालयाने नेहमीप्रमाणे फक्त त्यांनाच कळवलं नव्हतं! मागे छत्र्यांच्या बाबतीतही असंच झालं होतं, आणि वर 'टीडेमानबाई, तुम्हाला कसं माहीत नाही?' हे ऐकून घ्यावं लागलं होतं. या खेपेला ते होणार नव्हतं. त्यांनी विणकामाच्या नमुन्याचा कागद उलटा केला, त्यावर ठळक अक्षरांत 'बूट काढणे बंधनकारक' असं लिहिलं, क्षणभर विचार करून त्याखाली 'पूर्वीप्रमाणेच' असं जोडलं, आणि कागद दारावर लावून टाकला.

"बघ," क्नाप बायकोला म्हणाले. "पाटी."

तूवाची शू उरकून इल्वा तिला घेऊन दाराशी आली तेव्हा टीडेमानबाई एका नव्या जोडप्याला दारातच अडवत होत्या. इल्वाने पाटी वाचली आणि तिला अगदी भरून आलं.

"बघ तूवा, इथे पण आपल्यासारखंच! किती चांगली माणसं आहेत."

पण चांगली माणसं एव्हाना जिन्यावर चढली होती. पोटमाळ्याचा जिना अरुंद, उभा आणि पिढ्यान्पिढ्या मेण लावून गुळगुळीत केलेला. त्यावर लोकरीचे मोजे. एक टक्कल पडलेले गृहस्थ वरच्या पायरीवरून बसल्या बसल्या जे निघाले ते थेट पहिल्या मजल्यावर येऊन थांबले. गृहस्थ उठले, पाठ झटकली, आणि लगबगीने पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागे आणखी दोघं मुद्दाम येऊन उभी राहिली.

पक्ष्यांच्या खोलीपर्यंत इल्वा पोचली खरी, पण खोलीत आभाळाला जागा उरली नव्हती. क्नाप मधोमध उभे राहून पक्ष्यांच्या जाती सांगत होते आणि बाकीचे त्या खोडून काढत होते. इल्वाला टाचा उंचावून एका पंखाचं टोक दिसलं, तेही क्नाप यांनी मान हलवली तेव्हा.

"आई, तुझं आभाळ कुठेय?"

"वर आहे, राणी."

"मला सगळीकडे नुसती ढुंगणंच दिसतायत."

"मग आपण थांबू हं. ही मंडळी गेली की येऊ."

मंडळी मात्र वाढतच होती. दाराबाहेर डोकावणारी बुटांची ओळ पाहून रस्त्यावरचे लोक आत वळत होते. इतके लोक बूट काढून आत जातात म्हणजे आत काहीतरी असणारच! गेल्या वर्षभरात आले नसतील एवढे लोक टीडेमानबाईंनी त्या दुपारी आत घेतले. शेवटी दालनात पाऊल ठेवायला जागा उरेना, तेव्हा त्यांनी सगळे बूट उचलून बाहेर पदपथावर, छपराच्या वळचणीखाली, नीट ढीग करून ठेवले. नीट म्हणजे रंगांप्रमाणे.

आता एक गोष्ट टीडेमानबाईंनाही ठाऊक होती, पण त्या गर्दीत तिचा विसर पडला. त्या दिवशी त्या गल्लीत चर्चतर्फे जुने कपडे आणि बूट गोळा करणारी गाडी यायची होती. लोक आपापल्या दारासमोर सामान ठेवतात, गाडी येते, उचलते, जाते. घंटा वाजवून विचारायची पद्धत नाही. गाडी आली. ढीग पाहून त्यातल्या दोघी सेविकांचे डोळे पाणावले.

"या गल्लीने यंदा किती मन मोठं केलंय गं!"

"आणि रंगांप्रमाणे लावून दिलंय. देव भलं करो."

थोड्या वेळाने एक माणूस घरी जायला म्हणून बाहेर आला आणि मोज्यांवर उभा राहून बराच वेळ पदपथाकडे बघत राहिला. मग आत येऊन हळूच म्हणाला, "माफ करा, पण माझे बूट नाहीत. आणि तुमचेही नाहीत."

अख्खं घर खाली उतरलं; काही जण जिन्यावरून बसून. दालनात एकच गलका झाला. तो शमवून क्नाप यांनी चौकशीची सूत्रं हाती घेतली.

"मूळ प्रश्न असा आहे की आधी बूट कुणी काढले?"

"तुम्हीच तर सांगितलंत!" हिल्डेगार्ड म्हणाल्या.

"मी आलो तेव्हा चार जोड आधीच होते. मला स्पष्ट आठवतंय. मोठ्यापासून लहानापर्यंत. एक उंच पुरुष, मग एक वयस्कर बाई, एक तरुण बाई आणि एक लहान मूल."

सगळ्यांच्या माना वळल्या. चुलीपाशी हेनिंग, त्याच्याशेजारी गुनवोर, मग इल्वा आणि मग तूवा, अशी चौघं भिंतीला टेकून उभी होती. मोठ्यापासून लहानापर्यंत.

"पांगा," हेनिंग ओठ न हलवता पुटपुटला. "जरा पांगा."

"काय म्हणतायत रे हे?" गुनवोरने खणखणीत आवाजात विचारलं. ती सगळ्या जगाशी स्वीडिशच बोलायची. परदेशात फक्त जरा मोठ्याने.

"बूट गेले म्हणतायत, गुनवोर," इल्वा कुजबुजली. "सगळ्यांचे."

"माझेसुद्धा? डॉक्टरने दिलेले? टाचेत गादी असलेले?"

"आमचे!" तूवा अभिमानाने ओरडली. "आमचे सगळ्यांत पहिले होते! मी माझे स्वतः काढले!"

नशिबाने तीही स्वीडिशमध्येच ओरडली. सगळ्यांना वाटलं, बिचारं पोर बुटांसाठी रडतंय. एका आजीबाईंनी तिला गोळी दिली. इल्वाचे कान लाल झाले. सांगून टाकावं असं तिला फार वाटत होतं, पण शाळेत शिकलेलं सगळं जर्मन नेमकं त्याच क्षणी डोक्यातून निघून गेलं होतं.

इतक्यात समोरच्या घरातल्या बाई खिडकीतून ओरडल्या, "चर्चची गाडी घेऊन गेली हो! मला वाटलं, तुम्ही दान करताय!"

मग निघाली मिरवणूक. ओल्या दगडी फरसबंदीवरून, मोज्यांवर, कुणीही काही न बोलता, कारण बोलण्यापेक्षा डबकी चुकवण्याकडे जास्त लक्ष होतं. पुढे क्नाप, शेवटी हेनिंगच्या खांद्यावर बसून हात हलवणारी तूवा. लोक दुकानांतून बाहेर आले. वेटरने हातातला ट्रे खाली ठेवला. एका म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली. एक दाढीवाला सायकलवरून उतरला आणि हेनिंगच्या बरोबरीने चालू लागला.

"कशासाठी आहे हे?"

"बुटांसाठी," हेनिंगने खरं ते सांगितलं.

"बरोबर आहे," दाढीवाला गंभीर झाला. "कुणीतरी आवाज उठवायलाच हवा होता." त्याने आपले बूट काढून कठड्यावर ठेवले आणि तोही सामील झाला. त्याला पाहून आणखी काही जण आले. चर्चच्या सभागृहापर्यंत पोचताना मिरवणुकीत असेही बरेच लोक होते ज्यांचे बूट कुणीच नेलेले नव्हते.

सभागृहात सेविकांनी बूट टेबलांवर मांडून ठेवले होते आणि वाटपही सुरू झालं होतं. पुढचा गोंधळ कुणाच्या लक्षात राहील असा नव्हता. हेनिंगचे बूट मिळाले. तूवाचेही दोन्ही मिळाले. गुनवोरचे मात्र एका ठेंगण्या म्हातारीच्या पायांत होते आणि ती त्यांत टाचा दाबून दाबून बघत समाधानाने हसत होती. गुनवोर तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. स्वीडिशमध्ये काहीतरी बोलली. म्हातारी जर्मनमध्ये काहीतरी बोलली. मग गुनवोर कण्हत कण्हत खाली बसली आणि तिच्या नाड्या नीट बांधून दिल्या.

"अगं, तुझे डॉक्टरने दिलेले ना ते?" इल्वाने विचारलं.

"तिचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत," गुनवोर म्हातारीने उतरवलेले बूट पायांत सरकवत म्हणाली. "शिवाय हे लाल आहेत. मला कधी कुणी लाल घेऊ दिले नाहीत."

इल्वाचे बूट कुठेच नव्हते. तिच्या मापाचं एकच काहीतरी उरलं होतं: नाचायचे, उंच टाचेचे, चंदेरी. ते हातात घेऊन ती सभागृहाकडे बघत राहिली. क्नाप होते. हिल्डेगार्ड होत्या. घसरगुंडीवाले टक्कल पडलेले गृहस्थ होते. सगळे होते.

सगळे इथे होते!

"हेनिंग," ती म्हणाली, "म्हणजे तिथे आत्ता कुणीच नाहीये."

"इल्वा, बोट चुकेल."

"मी तीन दिवस विटा पाहिल्या, हेनिंग."

हेनिंगने तिच्या गालावरचे ओले केस मागे सारले. "जा. आम्ही सामान काढून स्टेशनवर थांबतो. पळ!"

ती वळली, तर चिमुकला हात तिच्या हातात येऊन बसला होता.

"मी पण."

एकटीने, असं ठरलं होतं. इल्वाने त्या हाताकडे पाहिलं. गोळीने चिकट झाला होता तो. "चल," ती म्हणाली.

चंदेरी टाचांवर दगडी गल्ल्यांतून धावणं ही एक वेगळीच कथा आहे. घराचं दार उघडंच होतं. टीडेमानबाई टेबलामागे विणत बसल्या होत्या. पाटीला आता चौकट आली होती.

"ऐका ना," इल्वा धापा टाकत म्हणाली, आणि अहो आश्चर्यम्, जर्मन परत आलं होतं. "मला तुम्हाला सांगायचंय. तो बुटांचा नियम. तो नियमच नाहीये. ते आम्हीच..."

"नियम कार्यालयाचा आहे," टीडेमानबाईंनी सुई न थांबवता सांगितलं. "मी आत्ताच फोन केला होता. साहेब म्हणाले, अर्थात आमचाच, आणि आजची गर्दी ऐकून आता बाकीच्या घरांतही लावणार आहेत. कल्पना कुणाची विचारलं तर म्हणाले, माझीच."

"पण खरं म्हणजे..."

"बाई," टीडेमानबाईंनी चष्म्यावरून तिच्या पायांकडे पाहिलं. "बूट काढा."

इल्वाने चंदेरी बूट काढले. चर्र, चर्र, तूवाने तिचे काढले आणि दोन्ही जोड बाकाखाली ओळीने लावले, मोठ्यापासून लहानापर्यंत.

पोटमाळ्यावर कुणी नव्हतं. इल्वा खोलीच्या मधोमध पाठीवर पडली. तूवा येऊन तिच्या दंडावर डोकं ठेवून पडली. वर निळं, जागोजागी विरलेलं आभाळ होतं आणि त्यात उडणारे पक्षी: सगळे एकाच दिशेला निघालेले, मोठा पुढे, त्यामागे लहान, त्यामागे आणखी लहान. फोटोत दिसलं होतं त्यापेक्षा कितीतरी ओबडधोबड. मेणबत्तीवाल्याला चित्रकला येत नव्हती हे उघड होतं. पण त्या अकरा मुलांच्या आईला ते आवडलं असणार, याबद्दल इल्वाला तिळमात्र शंका उरली नाही. पायांचे तळवे ठणकत होते, मोजे ओले होते, दूर कुठेतरी घंटा वाजत होत्या, आणि लेक चक्क गप्प होती. आपल्यासाठी ती गप्प राहतेय हे इल्वाला कळत होतं. केवढा जोर लावत होती ती, दंडावर जाणवत होता.

शेवटी तिच्याच्याने राहवेना.

"आई."

"काय गं?"

"या पक्ष्यांना पाय नाहीत."

इल्वाने नीट पाहिलं. खरंच नव्हते. एकालाही नव्हते. जवळजवळ पाच वर्षं फ्रिजवर होतं ते आभाळ, आणि तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"कुठे काढून ठेवलेत गं त्यांनी?" तूवाने विचारलं. "आणि कुणी घेऊन गेलं, तर ते खाली उतरणार कसे?"